पोटातला पदर

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात दिवसातून चार वेळा पंखा बंद होतो. दार-खिडक्या लावायच्या, नाकातोंडाला मास्क बांधायचा, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग ह्यांच्या पोटातून बाहेर आलेल्या, पेन्सिलीहून बारीक नळीला पिशवी जोडायची. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसच्या वर गेलेला असला तरी पंखा बंद म्हणजे बंद. वाऱ्याबरोबर धुळीचा कणही नळीच्या तोंडाशी यायला नको. अर्ध्या तासात पोटातलं जुनं पाणी खाली ठेवलेल्या पिशवीत उतरतं, वर टांगलेल्या पिशवीतलं दोन लिटर नवं पाणी पोटात जातं, नळीला टोपण बसतं, आणि हे म्हणतात, "आता लाव बाई पंखा."

मधुमेहाने ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, त्याला चार वर्षं झाली. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "डायलिसिसचं मशीन कुठे आहे?" मशीन नाही. रक्त गाळायचं काम ह्यांच्या पोटातला एक पडदा करतो. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. जठर, यकृत, लहान आतडं, मोठं आतडं अशी आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याची गणती नाही; पण हा पडदा मी कधी काढला नाही. आकृतीत तो दिसतच नाही, कारण तो सगळ्यांवर असतो. घरात गरज पडली तेव्हा तो मी नीट समजून घेतला, आणि आता कुणी विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दवाखान्यात सगळे त्याला पेरिटोनियम म्हणतात. मराठीत शब्द आहे पर्युदर: परि म्हणजे सभोवती, उदर म्हणजे पोट. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'सभोवती ताणून बसवलेलं' असाच आहे.

या पडद्याला दोन पदर आहेत, पण ते साट्याच्या करंजीला सुटतात तसे एकमेकांपासून सुटे नाहीत. एकच पदर वळून परत आलेला आहे. पोटाच्या भिंतीला आतून जो अस्तरासारखा लागलेला असतो तो बाहेरचा पदर. तोच पाठीच्या बाजूला वळतो आणि जठर, यकृत, प्लीहा, आतडी यांच्या अंगाला चिकटून बसतो, तो आतला पदर. हे डोळ्यांपुढे येत नसेल तर अशी कल्पना करा: दुधाच्या पिशवीत फक्त दोन चमचे दूध भरलं आणि तोंड सील केलं. पिशवी चपटी पडेल. आता तिच्यात बाहेरून मूठ दाबा. प्लास्टिकचा एक थर मुठीला लपेटून बसला, दुसरा त्याच्यावर आला, आणि मधल्या दोन चमचे दुधामुळे दोन्ही थर एकमेकांवर सहज सरकताहेत. मूठ पिशवीत घुसल्यासारखी वाटते, पण खरं म्हणजे ती पिशवीच्या बाहेरच आहे. आतड्यांचं तसंच. दोन पदरांमधल्या फटीला पर्युदर-पोकळी म्हणतात. पोकळी म्हटलं तरी एरवी तिथे रिकामी जागा नसते, फक्त बुळबुळीत द्रवाचा पातळ थर असतो. त्या थरामुळेच दिवसभर वळवळणारी आतडी एकमेकांना घासत नाहीत. पुरुषांत ही पिशवी पूर्ण बंद असते. बायकांत मात्र गर्भनलिकांची तोंडं तिच्यात उघडतात. बीजकोशातून सुटलेलं बीज क्षणभर या पोकळीत येतं आणि नलिकेच्या झालरीसारख्या टोकाकडून आत ओढलं जातं.

आतडी मात्र पोटात मोकळी सोडलेली नाहीत. ती पाठीच्या भिंतीला कशी बांधली आहेत हे समजायला सहावारी साडीच्या निऱ्या बघा. साडेपाच मीटर कापड, पण कमरेशी खोचताना निऱ्या वीतभरही जागा घेत नाहीत, आणि खाली पायांशी मात्र घेर पसरतो. लहान आतडं साधारण सहा मीटर. त्याला धरून ठेवणारा पर्युदराचा दुहेरी पदर, ज्याला आंत्रबंध म्हणतात, पाठीशी जिथे खोचलेला असतो ती ओळ जेमतेम १५ सेंटिमीटरची, डावीकडून वरून उजवीकडे खाली तिरकी उतरणारी. तिथून तो निऱ्यांसारखा पसरत जातो आणि त्याच्या काठाला आतडं असतं. आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि लसिकावाहिन्या या दोन थरांच्या मधून जातात. म्हणून आतड्याला पीळ पडला की नुसती वाट अडत नाही, रक्तही अडतं, आणि काही तासांत आतडं काळं पडू शकतं. बाळाचा जन्म होतानाच ही खोचलेली ओळ फार आखूड राहिली असेल तर पीळ पडण्याचा धोका मोठा. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की डॉक्टर एवढी धावपळ करतात ती याचमुळे.

सगळे अवयव या पिशवीत शिरलेले नाहीत. काही जण तिच्या मागे, पाठीच्या भिंतीला टेकून राहतात आणि पर्युदर फक्त त्यांच्या पुढून जातं. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग तसा, महारोहिणी तशी, आणि किडन्याही तशाच. म्हणजे किडनी आणि पर्युदर पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. ह्यांच्याकडे एक शेजारी थकला आणि दुसऱ्याने त्याचं काम अंगावर घेतलं. हा शेजारधर्म आमच्या घरात रोज पाहायला मिळतो.

तो चालतो कसा? पडदा उलगडून पसरला तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढा भरेल, दीड ते दोन चौरस मीटर. जाडीला मात्र पेशींचा एकच थर, आणि त्याच्याखाली केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. पोटात सोडलेल्या पाण्यात युरिया नसतो, रक्तात तो साचलेला असतो. म्हणून तो जास्तीकडून कमीकडे, रक्तातून पाण्यात उतरतो. क्रिएटिनिनही तसंच. चार-सहा तासांत दोन्हीकडचं प्रमाण जवळ यायला लागतं, मग ते पाणी काढून नवं भरायचं. राहिलं शरीरातलं जादा पाणी. त्यासाठी पिशवीतल्या पाण्यात ग्लुकोज घातलेलं असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर छुंदा घालतात तेव्हा कैरीच्या किसाला साखर लावली की तासाभरात किसाला पाणी सुटतं, कुणी वरून ओतलेलं नसतं. इथे ग्लुकोज रक्तातलं पाणी तसंच ओढून घेतं. दोन लिटर आत गेलं की दोन लिटर तीनशे मिलिलिटर बाहेर येतं; ते वरचे तीनशे म्हणजे आमची कमाई. मी वहीत लिहून ठेवते. ग्लुकोजचा काही भाग उलटा रक्तातही शिरतो, म्हणून मधुमेह्यांना इन्सुलिनचा हिशेब नव्याने बसवावा लागतो. थोडी प्रथिनंही पाण्याबरोबर निघून जातात. ती खाण्यातून भरून काढावी लागतात. घरच्या घरी, चालता-फिरता करायची ही पद्धत अमेरिकेत टेक्ससमधल्या मॉनक्रीफ आणि पोपोविच यांनी १९७६ साली पुढे आणली. त्याआधीही पोटात पाणी सोडून बघणारे होते, पण पाणी तासन्‌तास आतच ठेवून माणसाला आपल्या कामाला मोकळं सोडायचं, ही कल्पना त्यांची.

आता त्या दिवसाबद्दल सांगते ज्या दिवशी पाणी बाहेर येईना. पहिल्या वर्षीची गोष्ट. नवं पाणी आत जात होतं, पण परत यायला तयार नाही. हे कुशीवर वळले, उठून उभे राहिले, जिना चढले-उतरले, थेंब थेंब. फोटोत नळी आपल्या जागीच होती. डॉक्टर म्हणाले, "वपेने धरलंय."

वपा हा पर्युदराचाच भाग, पण त्याची कहाणी वेगळी सांगावी इतकी मोठी. जठराच्या खालच्या कडेपासून पर्युदराची दुमडलेली, चरबीने भरलेली झालर आतड्यांच्या पुढे लोंबत असते. पोट उघडलं की सर्जनला आधी तीच दिसते. यज्ञातल्या आहुतींच्या वर्णनात 'वपा' येते ती हीच. इंग्रज सर्जन रदरफर्ड मॉरिसन यांनी तिला पोटातला पोलीस म्हटलं, आणि ते नाव अजून टिकून आहे. तिला स्वतःहून चालता येत नाही. आतड्यांच्या हालचालीने, श्वासाने ती इकडून तिकडे सरकते, आणि जिथे सूज आलेली असेल, भोक पडलं असेल, तिथे चिकटून बसते. तिच्यात पांढुरके ठिपके असतात. ते म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या छावण्या. चिकटली की त्या जागेला नव्या रक्तवाहिन्याही पुरवते. लहान मुलांत ही झालर अजून पुरेशी वाढलेली नसते. मुलांचं अपेंडिक्स फुटलं की पू लवकर सगळीकडे पसरतो, त्याचं हे एक कारण.

या वपेने किती मोठा राजा वाचवला, बघा. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. त्याच्या आधीच त्याच्या पोटात उजवीकडे अपेंडिक्सभोवती पू झाला. २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्ज या सर्जनने राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पू काढला. अपेंडिक्स काढलंच नाही. राजा वाचला, ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. पू एका जागी कोंडला गेला होता म्हणून हे जमलं, आणि तशी कोंडी घालण्याचं काम वपा आणि शेजारची आतडी मिळून करतात. ट्रीव्ज हा १८८५ साली आतडी आणि पर्युदर यांच्या रचनेवरच व्याख्यानं दिलेला माणूस. मला हा योगायोग वाटत नाही. त्या पडद्याचे कानेकोपरे माहीत होते म्हणूनच त्या जागी सुरी चालवायचं त्याचं धाडस झालं असावं.

ह्यांच्या वपेने आमची नळी परकी वस्तू समजून धरली होती. तिची चूक म्हणता येत नाही, ती आपलं काम करत होती. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली, नळी सोडवली, वपा वर उचलून टाक्याने अडकवली. शुद्धीवर आल्यावर हे पोटाबद्दल काहीच बोलेनात. "उजवा खांदा फार दुखतोय गं," एवढंच. मी घाबरले. म्हटलं टेबलावरून उतरवताना हात पिरगळला की काय.

सिस्टरने समजावलं आणि मला ते इतकं आवडलं की त्या रात्री मी तेच घोकत बसले होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. थोडा वायू राहतो, तो वर श्वासपटलाखाली जाऊन बसतो आणि तिथल्या पर्युदराला टोचतो. श्वासपटल गर्भात तयार व्हायला लागतं ते मानेच्या पातळीला. पुढे ते खाली छाती-पोटाच्या मध्ये उतरतं, पण आपला मज्जातंतू मानेतूनच घेऊन येतं. खांद्यावरच्या कातडीचे तंतूही मानेच्या त्याच भागातून निघतात. मेंदूला वाटतं, खांदा दुखतोय. श्वासपटल सासरी पोटात आलं, पण त्याचं दुखणं अजून माहेरी मानेत कळतं. दोन-तीन दिवसांत वायू जिरला आणि खांदा आपोआप थांबला. शस्त्रक्रिया नसताना, अचानक जोरात पोट दुखू लागलं आणि बरोबर खांद्याचं टोकही दुखलं, तर मात्र ती धोक्याची खूण असते. फाटलेल्या प्लीहेचं किंवा गर्भनलिकेतल्या गर्भाचं रक्त श्वासपटलाखाली साचलं की असंच होतं.

पोटदुखी कळायची असेल तर दोन पदरांचा फरक लक्षात ठेवावा लागतो. आतल्या पदराला कापलेलं, डागलेलं कळत नाही. आतडं ताणलं, आवळलं, त्याचं रक्त तुटलं तरच त्याला दुखतं, आणि तेही नेमकं कुठे ते सांगता येत नाही. पोटाच्या मधोमध कुठेतरी मुरडा, मळमळ, अस्वस्थपणा. बाहेरच्या पदराचे तंतू पोटाच्या भिंतीचेच. तो बोट ठेवून जागा सांगतो, आणि जरा हलवलं तरी सहन करत नाही.

शेजारच्या भाभींचा चौदा वर्षांचा मुलगा. उत्तरायणाची संध्याकाळ, दिवसभर गच्चीवर उन्हात, उंधियु आणि जिलबी पोटभर. बेंबीपाशी दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांनी खाण्यावर घातलं. ओवा झाला, हिंग झाला. रात्री अकराला भाभी मला बोलवायला आल्या. तो उताणा पडला होता, उजवा गुडघा पोटाकडे घेऊन, अगदी स्थिर. मी पलंगाच्या कडेला टेकले तर तेवढ्या हिसक्याने त्याने ओठ चावला. विचारलं, "कुठे दुखतं रे आता?" बेंबी सोडून त्याने उजवीकडे खाली एका बोटाने जागा दाखवली. बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या टोकापर्यंत रेघ ओढली तर तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यावर. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली हीच जागा सांगितली होती. सूज आधी अपेंडिक्सच्या आतल्या पदरापुरती होती तोवर दुखणं बेंबीपाशी होतं. बाहेरच्या पदराला भिडली तसं ते उजवीकडे येऊन बसलं. रिक्षात प्रत्येक गतिरोधकाला तो कळवळत होता. इस्पितळात पहिल्या दोन-तीन प्रश्नांत तेही विचारलं, "रस्त्यात हादरे बसले की जास्त दुखत होतं का?" रात्रीच शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स सुजलं होतं, फुटलेलं नव्हतं.

मूतखड्याचा माणूस तळमळतो, लोळतो, उठतो, बसतो. ज्याचं पर्युदर सुजलं आहे तो हलत नाही. पोट फळीसारखं कडक लागतं, कारण भिंतीचे स्नायू आवळून सुजलेल्या पदराला सांभाळत असतात. अशा माणसाला घरात जुलाबाचं औषध कृपा करून देऊ नका, शेक देत सकाळची वाटही पाहू नका. आतडं किंवा जठर फुटून ही सूज सगळ्या पडद्यावर पसरली तर दीड-दोन चौरस मीटरची जखम झाल्यासारखं होतं. रक्तातलं पाणी त्या पोकळीत झिरपतं, आतडी हालचाल थांबवतात, रक्तदाब कोसळतो.

आमच्या घरात आम्ही याच गोष्टीला सगळ्यात जास्त भितो. नळीच्या वाटेने जंतू आत गेले तर. म्हणून बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी रोज सकाळी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि आरपार वाचायचं. अक्षरं स्वच्छ दिसली की पाणी चांगलं. चार वर्षांत एकदाच ती दिसली नाहीत. ठळक मथळा दिसत होता, खालच्या बारीक ओळी दुधात बुडाल्यासारख्या. ह्यांना ताप नव्हता, पोट थोडं जड वाटत होतं इतकंच. ती पिशवी न फेकता तशीच घेऊन गेलो. तपासणीत पांढऱ्या पेशी भरपूर निघाल्या. गंमत वाटेल, पण प्रतिजैविक शिरेतून नाही, डायलिसिसच्या पाण्यात घालून त्याच पोकळीत दिलं. जिथे आग तिथेच पाणी. चौथ्या दिवशी मला बारीक जाहिराती वाचता आल्या.

या पोकळीत पाणी साचण्याचा आजार आपल्याकडे जुना आहे, जलोदर. यकृत दगडासारखं कडक झालं की, पोटाचा क्षय झाला की, कधी कर्करोगात दोन पदरांच्या मध्ये लिटरच्या लिटर पाणी भरतं. सुश्रुतसंहितेत ते काढायची रीत दिली आहे: बेंबीच्या खाली, डावीकडे चार बोटं सोडून, व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने अंगठ्याएवढं खोल छिद्र पाडायचं आणि नळी घालायची. आणि स्पष्ट बजावलं आहे की सगळं पाणी एका दिवसात काढू नये. आजही जास्त पाणी काढायचं असलं की डॉक्टर शिरेतून अल्ब्युमिन देतात, कारण एकदम उपसलं तर रक्ताभिसरण ढासळतं. डावीकडची जागाही अजून बहुतेक तीच.

पडदा कायम असाच काम करील असं नाही. वर्षानुवर्षं ग्लुकोजच्या पाण्यात राहून तो जाड होत जातो, त्याची गाळणी बिघडते. प्रत्येकाचं पर्युदर वेगळं; कुणाचं भराभर गाळतं, कुणाचं सावकाश, आणि भराभर गाळणारं ग्लुकोजही भराभर शोषून घेतं, म्हणून त्याच्याकडून जादा पाणी कमी निघतं. त्यासाठी चार तास पाणी आत ठेवून, मध्ये मध्ये नमुने घेऊन एक चाचणी करतात. ह्यांची गेल्या महिन्यात झाली. डॉक्टरांनी जास्त ग्लुकोजच्या पिशव्या कमी केल्या, मीठ आणखी तोडायला सांगितलं, आणि पडद्याला जितका जपता येईल तितका जपू म्हणाले. आज सकाळच्या पिशवीत दोन लिटर एकशे ऐंशी आलं, अक्षरं स्वच्छ. दुपारची पिशवी मी आता गरम करायला ठेवली आहे.